दहा मिनिटांचे पाचशे रुपये? गॅरेजच्या मजुरीचा हिशोब

आजचा विषय थेट तुमच्या खिशाशी संबंधित आहे. गाडी गॅरेजला जाते, एखादं साधं काम होतं आणि बिलावर ‘लेबर’ अशी एक ओळ येते. ती वाचली की तोंडातून निघतंच, "एवढ्याशा कामाचे एवढे?" हा प्रश्न पुण्यात विचारला जातो, बेळगावात, इंदूरला आणि इथे बनारसमध्येही. आज त्याचं उत्तर कागद-पेन्सिल घेऊन शोधू. सुरुवात माझ्याच घरातल्या दोन बिलांपासून करते. एका बिलावरून आम्ही भांडलो. दुसरं मुकाट्याने भरलं. पुढे कळलं की चुकीच्या ठिकाणी भांडलो होतो.

पहिलं बिल: पाचशे रुपये

माझा मावसभाऊ नागपूरहून स्वतःच्या गाडीने काशीला आला होता. सिवनी, जबलपूर, कटनी, रेवा, मिर्झापूर असा सातशेहून जास्त किलोमीटरचा रस्ता. आम्ही राहतो ब्रह्माघाटाकडे. आमच्या गल्लीत स्कूटर वळवायची तरी मागे-पुढे करावं लागतं, चारचाकीचं तर नावच नको. म्हणून गाडी मैदागिनच्या अलीकडे लावलेली. दोन दिवसांनी सारनाथला निघालो तर गाडी सुरूच होईना. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’. वाटेत मिर्झापूरलाही एकदा असंच झालं होतं. तिथल्या दुकानदाराने सांगितलं होतं की बॅटरी गेली, नवी टाका, साडेपाच हजार.

मी आमच्या ओळखीच्या मिस्त्रीला फोन केला. इथे मेकॅनिकला मिस्त्रीच म्हणतात. त्याचं गॅरेज लहरताऱ्याकडे. तिथून मैदागिनपर्यंत यायचं म्हणजे बनारसच्या गर्दीत अर्धा तास सहज जातो. तो मोटरसायकलवर आला, बोनेट उघडलं, मीटर काढला. बॅटरीवर व्होल्टेज ठीक होता. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून दादाला म्हणाला, "सेल्फ मारिए।" या दोन ठिकाणांमध्ये व्होल्टेज जवळजवळ शून्य दिसायला हवा. मीटरवर दीड-दोन व्होल्ट आले. "दीदी, बैटरी ठीक है, अर्थ नहीं मिल रहा।" इंजिन आणि बॉडीला जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीखाली गंज चढला होता. त्याने बोल्ट काढला, पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासल्या, बोल्ट आवळला. गाडी पहिल्या फटक्यात सुरू. सगळं मिळून वीस मिनिटं, आणि त्यातलं प्रत्यक्ष हाताचं काम दहा मिनिटांचं.

त्याने पाचशे मागितले. दादा चिडला. "अगं, एक बोल्ट आवळायचे पाचशे? आपण बाहेरगावचे दिसलो म्हणून लुटतोय हा." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. मी घासाघीस करून साडेतीनशेवर आणलं. तो काही बोलला नाही. पैसे घेतले आणि गेला.

दुसरं बिल: एकोणीसशे रुपये अधिक कर

दोन महिन्यांनी आमची स्वतःची गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गेली. ठरलेली सर्व्हिसिंग होती, शिवाय पुढचे ब्रेक पॅड बदलायचे होते. थंडगार काउंटर, चहा, छापील बिल. पार्ट आणि सर्व्हिस पॅकेज सोडून लेबरच्या तीन ओळी होत्या: ब्रेक पॅड बदलणे ९००, ब्रेक क्लीनिंग व ग्रीसिंग ६००, टायर रोटेशन ४००. एकूण १९०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३४२. मी कार्ड पुढे केलं आणि घरी आले. कुरकुर नाही, घासाघीस नाही.

काही दिवसांनी ते बिल हाती आलं तेव्हा नीट वाचलं. ब्रेक पॅड बदलायचे तर पुढची दोन्ही चाकं काढावीच लागतात. कॅलिपर उघडला की तो साफ करून, त्याच्या पिनांना ग्रीस लावूनच पुन्हा बसवायचा असतो. तो पॅड बदलण्याच्या कामाचाच भाग आहे. टायर रोटेशनसाठी चार चाकं काढायची, त्यातली दोन आधीच निघालेली. आणि ब्रेकची सफाई सर्व्हिस पॅकेजच्या यादीतही छापलेली होती. म्हणजे सहाशे रुपये पूर्ण आणि चारशेपैकी निम्मे, असे आठशे रुपये एकदा विकलेल्या वेळेचेच पुन्हा घेतले होते. कर धरून ९४४.

साडेतीनशेच्या मिस्त्रीला मी चोर ठरवलं आणि ९४४ रुपयांकडे पाहिलंही नाही. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

गॅरेजचा एक तास कितीला पडतो?

मजुरीचा विचार करताना आपण मेकॅनिकचा हात किती मिनिटं चालला ते पाहतो. पण गॅरेज विकतं तो वेळ, आणि त्या वेळात बरंच काही सामावलेलं असतं. एक छोटं गॅरेज डोळ्यांसमोर आणा. आकडे समजुतीसाठी धरते, तुमच्या गावाप्रमाणे बदलून घ्या.

समजा जागेचं भाडं महिना २० हजार. दोन मेकॅनिक, प्रत्येकी १८ हजार, म्हणजे ३६ हजार. एक मदतनीस ९ हजार. वीज, कॉम्प्रेसर, फोन मिळून ८ हजार. पाने, जॅक, स्कॅनर यांची झीज आणि दुरुस्ती ७ हजार. मालक स्वतःही राबतो, गाड्या घेतो, हिशोब ठेवतो, त्याचे ३० हजार. बेरीज १ लाख १० हजार.

आता तास किती? दोन मेकॅनिक, रोज ९ तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ४६८ तास. पण यातला प्रत्येक तास गिऱ्हाइकाला लावता येत नाही. पार्ट यायची वाट पाहणं, वीज जाणं, बिघडलेलं काम फुकट पुन्हा करणं, नुसतं विचारायला आलेल्यांशी बोलणं, गाडी आत-बाहेर करणं. निम्मे तास विकले गेले असं धरू, म्हणजे २३४. एक लाख दहा हजार भागिले २३४, म्हणजे तासाला सुमारे ४७० रुपये. हा तासाचा खर्च झाला. वाढीसाठी, नव्या हत्यारासाठी यात काहीच राहत नाही.

आता आमच्या मिस्त्रीकडे परत या. अर्धा तास येण्याचा, वीस मिनिटं काम, अर्धा तास परतीचा. म्हणजे एक तास वीस मिनिटं. ४७० च्या दराने होतात सुमारे ६२५ रुपये. त्याने मागितले होते पाचशे. मी दिले साडेतीनशे. पेट्रोल वेगळंच.

याच हिशोबाने शोरूमचा तास महाग पडणार हेही मान्य करायला हवं. मोक्याची मोठी जागा, लिफ्ट, रिसेप्शन, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर, कंपनीने बंधनकारक केलेली उपकरणं आणि प्रशिक्षण, हे सगळं त्या तासात येतं. तिथला दर छोट्या गॅरेजच्या दुप्पट-तिप्पट निघाला तर तेवढ्यावरून त्याला लूट म्हणता येत नाही. माझी तक्रार दराबद्दल नाही. एकच वेळ दोनदा लावण्याबद्दल आहे.

पुस्तकातला वेळ

शोरूममध्ये मेकॅनिक घड्याळ लावून काम करत नाही. वाहन कंपन्या प्रत्येक कामाला एक ठरावीक वेळ लावून देतात. तासाचे दहा भाग, एक भाग सहा मिनिटांचा. काम पाच भागांचं असेल तर अर्धा तास लागणार. कुशल हाताने ते वीस मिनिटांत उरकलं तरी अर्ध्या तासाचेच पैसे, आणि नवख्याला पाऊण तास लागला तरी तेवढेच. अमेरिकेत ही ‘फ्लॅट रेट’ पद्धत जुनी आहे आणि तिथे अनेक मेकॅनिकांचा पगारही तिच्यावरच ठरतो.

यावर राग येण्याआधी उलट बाजू पाहा. खऱ्या मिनिटांवर पैसे दिले तर जो हळू काम करतो त्याला जास्त मिळतील आणि जो वीस वर्षं शिकला त्याला कमी. ठरावीक वेळ ही गिऱ्हाइकाच्या सोयीचीही गोष्ट आहे, कारण आकडा आधीच सांगता येतो. अडचण तेव्हा येते जेव्हा दोन कामांमधला बराच भाग एकच असतो आणि तरी दोन्हींचा पूर्ण वेळ लावला जातो. क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरतोच, मग गिअरबॉक्स उतरवण्याची वेगळी ओळ कशाला? बंपर एकदा काढलेला असताना हेडलाइटच्या बल्बसाठी बंपर काढण्याचे पैसे पुन्हा का? हा प्रश्न अगदी शांतपणे विचारायचा. चांगला अ‍ॅडव्हायझर त्यातली एक ओळ कमी करतो.

साधं काम म्हणजे कोणतं?

सगळी ‘साधी’ कामं सारखी नसतात. मी त्यांचे तीन गट करते.

पहिला गट घरी होणाऱ्या कामांचा. एसीचा केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि दहा मिनिटांत बदलतो. इंजिनाचा एअर फिल्टर, वायपरची रबरं, काच धुण्याचं पाणी, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी साफ करणं, ही कामं मॅन्युअल पाहून कुणालाही जमतात. यांची मजुरी देणं म्हणजे स्वतःचा कंटाळा विकत घेणं. घ्यायचा तर घ्या, पण मग भांडू नका. गॅरेजने गाडी आत घेणं, काम, बिल मिळून अर्धा तास धरला तर आपल्या हिशोबाने २३५ रुपये होतात.

दुसरा गट ठरीव कामांचा: ऑइल, ब्रेक पॅड, प्लग, पट्टा. यांना हत्यार, जागा आणि सवय लागते, आणि चूक झाली तर जिवाशी गाठ असते. इथे दर विचारून दोन गॅरेजांची तुलना करता येते, आणि करावी.

तिसरा गट फसवा. गाडी सुरू होत नाही, एसी गार होत नाही, खडखड येते, रात्रीत बॅटरी उतरते. इथे दुरुस्ती पाच मिनिटांची असू शकते, पण दोष शोधणं हेच खरं काम. मिर्झापूरच्या दुकानदाराने शोधलं नाही, सरळ साडेपाच हजारांची बॅटरी सांगितली. मजुरी त्याने शून्य लावली असती आणि दादा खूश झाला असता. दोन दिवसांनी गाडी पुन्हा ‘टक’ करून थांबली असती. शोधण्याचे पैसे द्यायला आपण तयार नसलो, तर मिस्त्री शोधणं सोडून पार्ट बदलायला लागतो. पार्टवर त्याला दुकानातून सूट मिळते आणि त्यावर आपण कधी भांडत नाही.

म्हणूनच ऑनलाइन मागवलेला पार्ट घेऊन गेलात की मिस्त्री मजुरी वाढवून सांगतो. पार्टवरची त्याची सूट गेली, शिवाय पार्ट खराब निघाला तर काम पुन्हा कुणी करायचं हा प्रश्न उरतो. थोडी जास्त मजुरी तिथे रास्त आहे. मात्र पार्ट निकामी निघाला तर पुढे काय, ते आधी ठरवून घ्या.

आणखी एक गोष्ट. फार स्वस्त मजुरीकडेही संशयाने पाहा. शंभर रुपयांत काम होतं तेव्हा ते कुणाच्या तरी पोटातून निघतं. कधी बनावट पार्टमधून, कधी तिथे पाना धरून उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या पोरातून. चौदा वर्षांखालच्या मुलाला गॅरेजमध्ये नोकरीला ठेवणं हा गुन्हा आहे. त्या ‘छोटू’मुळे स्वस्त झालेली मजुरी रास्त म्हणता येणार नाही.

स्पर्धा का कमी पडते?

कुणी म्हणेल, शोरूम महाग वाटलं तर बाहेर जावं. पण बाहेरच्याला काम करता यायला हवं ना. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मुद्दा नेमका हाच होता: अस्सल सुटे भाग, दोष शोधण्याची उपकरणं आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना सहज मिळू दिली जात नव्हती. त्या आदेशावर पुढे अपिलं झाली. पण गिऱ्हाइकाने लक्षात ठेवायची गोष्ट त्यात आहे. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला स्कॅनर आणि माहिती मिळाली, तरच शोरूमच्या दरावर काही दाब येतो. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे.

बिल कसं वाचायचं?

पहिलं, कर. मजुरीवर १८ टक्के जीएसटी आहे. सुट्या भागांपैकी बहुतेकांवर पूर्वी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही १८ टक्के झाला. त्यानंतरच्या बिलात पार्टवर २८ दिसले तर विचारा.

दुसरं, जीएसटी क्रमांक. तो १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे. उत्तर प्रदेशात ०९, महाराष्ट्रात २७, कर्नाटकात २९, गोव्यात ३०, मध्य प्रदेशात २३. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या गॅरेजला नोंदणीची सक्ती नसते. पण क्रमांक नसेल तर त्याला जीएसटी लावताही येत नाही. क्रमांक नाही आणि वर ‘जीएसटी’ची ओळ आहे, असं बिल भरू नका.

तिसरं, मागितलं नसताना आलेल्या ओळी. इंजिन डिकार्बनायझिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग. यातली काही कामं कधीतरी लागतातही. पण ती तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये इतक्या किलोमीटरला सांगितली आहेत का, एवढंच विचारा. नसतील आणि गाडीत तक्रारही नसेल, तर नाही म्हणा.

भांडण झालंच तर

गाडी देतानाच जॉब कार्डवर अंदाज लिहून घ्या आणि ‘यापुढे खर्च वाढला तर फोन करून विचारणे’ अशी ओळ घालायला सांगा. निम्मी भांडणं इथेच संपतात. बदललेले जुने पार्ट परत मागा.

बिल पटलं नाही आणि पैसे दिले नाहीत, तर गॅरेज गाडी अडवू शकतं का? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, ज्या वस्तूवर कुणी श्रम किंवा कौशल्य खर्च केलं ती मोबदला मिळेपर्यंत त्याला ठेवून घेता येते. म्हणून परगावी हमरीतुमरीवर येऊ नका. पैसे भरा, बिलावर ‘आक्षेपासह भरले’ असं लिहा आणि बिल घ्याच. बिल न देणं हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथेचा प्रकार आहे.

मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. आणि नव्या कायद्यातली मोठी सोय अशी की तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता, तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. बनारसच्या गॅरेजबद्दलची तक्रार नागपूरच्या माणसाला नागपुरात करता येते.

माझ्या त्या ९४४ रुपयांसाठी मी आयोगापर्यंत गेले नाही. पॅकेजची यादी आणि बिल शेजारी ठेवून मॅनेजरला दाखवलं. ब्रेक क्लीनिंगचे सहाशे आणि त्यावरचा कर परत मिळाला. टायर रोटेशनचे त्यांनी सोडले नाहीत.

मिस्त्रीकडे मी नंतर गेले, उरलेले दीडशे घेऊन. त्याने ते घेतले, हसला आणि म्हणाला, "दीदी, अगली बार फोन पर ही रेट पूछ लिया कीजिए, दोनों का टाइम बचेगा।" तेव्हापासून मी काम सांगण्याआधी दोन गोष्टी विचारते: यायचे किती आणि शोधायचे किती. उत्तर पटलं तर नंतर घासाघीस करत नाही.

तुमच्या घरी ड्रॉवरमध्ये गाडीचं शेवटचं बिल असेल. ते आज काढा आणि लेबरच्या ओळी एकेक करून वाचा. त्यात एकच चाक दोनदा निघालंय का, ते पाहा. पुढच्या भागात टायर कधी बदलायचे यावर बोलू.